अश्विनच्या नावावर

डिंपलने वरचा बाण दोनदा दाबला. सकाळी लिहिलेली ओळ लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत जशीच्या तशी उभी राहिली. तिने एन्टर मारला आणि डबा उघडला.

आईने आज लाखोरीचे वडे दिले होते. एक वडा तोंडात घालून तिने मान वर केली, तर पडद्यावर ओळी अजून पळतच होत्या. हे काही बरोबर नव्हतं. सरावासाठी तिने जेमतेम चाळीस फायली ठेवल्या होत्या, आणि त्यांची नावं एक, दोन, तीन अशी होती. त्या काढायला पापणी लवण्याइतका वेळही लागायला नको. पळणाऱ्या ओळींतली एक तिला वाचता आली. धाबेपवनी. मग भिवखिडकी. मग परसोडी, परसोडी, परसोडी.

वडा तोंडात तसाच राहिला. तिने कंट्रोल धरून सी दाबला, पुन्हा दाबला, मग भराभर दहा वेळा दाबला. ओळी थांबल्या, पण तिने थांबवलं म्हणून नाही, संपल्या म्हणून. शेवटी लिहून आलं, अकरा हजार तीनशे बेचाळीस काढले. त्याखाली पांढरी रेघ लुकलुकत राहिली, पुढचं काम सांगा म्हणून.

ते अकरा हजार तीनशे बेचाळीस माणसांचे सिकलसेलचे रिपोर्ट होते. संस्थेचं चार वर्षांचं काम. नवेगाव बांधपासून प्रतापगडापर्यंत गावोगाव शिबिरं लावून, एकेकाच्या बोटाला सुई टोचून, रक्त तपासून जमवलेले. कुणाला हा आजार आहे, आणि कुणाच्या रक्तात तो नुसता दडून बसलाय व लेकरांत उतरू शकतो, हे सगळं त्यात होतं. तपासून घेणाऱ्याला कागदाची एक चिठ्ठी मिळायची, पण ती एक पावसाळा टिकली तरी पुष्कळ. खरा रिपोर्ट हाच, दूर कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर भाड्याने ठेवलेला. कुडव्यातल्या हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं, आणि तिथे बसून डिंपल एकटी त्या रिपोर्टांची राखण करायची. चांगली राखण केली म्हणायची.

तिने डबा बंद करून बाजूला सारला.

काय झालं ते तिला लगेच कळलं, आणि तेच वाईट होतं. कळलं नसतं तर निदान पाच मिनिटं दुसऱ्या कुणावर तरी शंका घेता आली असती. जुन्या निकामी फायली एका ओळीत काढून टाकायचं काम ती आठवडाभर शिकत होती. खऱ्या रिपोर्टांवर हात नको म्हणून तिने स्वतःचं एक सरावाचं खातं उघडलं होतं, आणि नंतर तीच ओळ खऱ्या खात्यातही चालावी म्हणून आतल्या फोल्डरांची नावं मुद्दाम खऱ्यासारखीच ठेवली होती. सकाळी आल्या आल्या तिने काळ्या खिडकीला सांगितलं होतं, इथे मी डिंपल आहे. खिडकीने ऐकलं होतं. पण ते सांगणं त्या खिडकीपुरतंच असतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी वर्षभरापासून मेलेली, तो लाइटबरोबरच गेला. अर्ध्या तासाने लाइट आली, तिने लॅपटॉप चालू केला, नवी खिडकी उघडली आणि सवयीने बाण दाबला. जुनी ओळ यंत्राच्या लक्षात होती. डिंपल नव्हती.

आपण कोण हे सांगितलं नाही, की ते यंत्र आधीच नेमून दिलेल्या माणसाला धरून चालायचं. तो माणूस अश्विन.

अश्विन तिच्या आधी या खुर्चीत होता. ती ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा त्यानेच तिला सगळं शिकवलं. सुरुवातीच्या शिबिरांत फार हाल व्हायचे. तलावाकडच्या गावांत फोनला रेंज नाही, त्यामुळे दर वेळी फोनवर येणारा सहा आकडी नंबर यायचा नाही, आणि बाया बाह्या वर करून रांगेत ताटकळत बसायच्या. मग एका दुपारी वैतागून अश्विनने आपली कायमची किल्लीच या लॅपटॉपात ठेवून दिली. काही सांगितलं नाही तर मी अश्विन आहे असं समज. आणि नक्की करू का, नक्की करू का असं विचारत बसू नको, हो समज. त्या दिवसापासून कुणाची रांग खोळंबली नाही. आठ महिन्यांपूर्वी त्याला नागपूरला एका मोठ्या संस्थेत नोकरी लागली. जाताना तो म्हणाला होता, तुझं खातं झालं की माझी किल्ली काढून टाकजो. संस्थेतल्या डिंपलच्या खात्याला सचिव भाईजी यांची मंजुरी हवी होती. भाईजी म्हणजे दुर्गाप्रसादजी, बाजारात कापडाचं दुकान. मनाचा मोठा माणूस, पण कागदावर सही करायची म्हटलं की त्यांना चष्मा सापडत नसे. डिंपलने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "अश्विनचं चालून राहिलं ना? मग चलने दो." ते चालतच होतं. घोंगडं तसंच भिजत पडलं.

फोन वाजला. अनुसयाबाई. डिंपलने उचलला नाही. पुन्हा वाजला. नवेगाव बांधची ही बाई संस्थेची सर्वांत जुनी कार्यकर्ती होती आणि फोन न उचलणं तिला अपमानासारखं लागायचं. चौथ्यांदा डिंपलने उचलला.

"काऊन वो डिंपल, कवाची फोन लावून राहिली मी! झोपली का तिकडं?"

"नाही मावशी, कामात होती."

"आयक. आमच्या शेजारची अन्नपूर्णा नाही का, तिले पाहाले पाहुणे येऊन राहिले तीन वाजता. अर्जुनीचे हायेत. त्यायनं पहिलेच सांगून ठेवलं, पत्रिका नसन तं चालन, पण सिकलसेलचा रिपोर्ट दाखवा. पोरीची चिठ्ठी सापडून नाही राहिली. तू फोनवर पाठवून दे."

त्या गावांमध्ये आता ही रीतच पडली होती. पोहे यायच्या आधी दोन्हीकडचे रिपोर्ट समोरासमोर ठेवायचे. पहिली दोन वर्षं अनुसयाबाईने त्यासाठी घरोघर फिरून शिव्या खाल्ल्या होत्या. आता लोक आपणहून मागत होते, आणि ती प्रत्येक रिपोर्ट स्वतः नेऊन द्यायची.

"पाठवते, मावशी."

"कवा?"

"लाइट नाही. आली की पाठवते."

डिंपलच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. तिने फोन कानापासून जरा दूर धरला, जणू पंख्याचा आवाज तिकडे जाईल.

"तीनच्या आत पाठवजो बाई. रिपोर्ट नाही म्हटलं का लोकं काय म्हणतेत तुले माहीत हाय. पोरीत काही असन, म्हणून लपवून राहिले म्हणतीन."

फोन बंद झाला. साडेबारा वाजत आले होते. डिंपलने अश्विनचा नंबर काढला, आणि तो लावायच्या आधी उगाच उठून दाराची कडी लावून आली. हे अकरा हजार रिपोर्ट परत आले नाहीत तर नोकरी जाणार, ते ठीक. पण पुन्हा त्या गावांत जाऊन कुणाच्या तोंडाने सांगायचं, की बाह्या वर करा, पुन्हा टोचायचं आहे? आणि जे मधल्या काळात गेले, त्यांचं काय?

"बोल डिंपल," अश्विन म्हणाला. मागे भांड्यांचा आवाज होता, तो जेवत असावा.

"भाऊ, रिपोर्ट गेले."

"कुठं गेले?"

"काढले. माझ्या हातानं. सगळे."

भांड्यांचा आवाज मागे पडला. तो कुठेतरी कोपऱ्यात आला असावा.

"तुझ्या सरावाच्या खात्यातले ना?"

"नाही. लाइट गेली, नवी खिडकी उघडली, मी नाव सांगाले विसरली. तुमच्या नावानं गेले."

"माझी किल्ली अजून आहे त्या लॅपटॉपवर?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "आठ महिने झाले, डिंपल!"

"माझं खातं झालंच नाही ना भाऊ. तुम्हाले तं माहीत होतं."

अश्विनने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण तेव्हा डिंपलच्या जिवात जीव नव्हता, तिने ते मनावर घेतलं नाही.

"बरं. खिडकी बंद करू नको," तो म्हणाला. "काढलेलं सात दिवस राखून ठेवते ते. मी ती सोय चालू करून ठेवली होती. बहुतेक."

"बहुतेक?"

"केली असन ना. चार वर्षं झाले, आता आठवते का? तू मालकाच्या लॉगिनचं पान उघड. किल्लीनं नाही होणार हे."

म्हणजे काढायला किल्ली पुरली होती, परत आणायला मालक लागत होता. मालक म्हणूनही अश्विनच नोंदलेला, कारण खातं त्याच्या फोनवर उघडलेलं. फक्त पत्रव्यवहाराला भाईजींचा ईमेल पत्ता होता. सहा आकडी नंबर नागपुरात त्याच्या फोनवर आला. तो एकेक आकडा सांगत गेला आणि डिंपल टाकत गेली. पाचवा चुकला. पान म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. दुसरा नंबर यायला दीड मिनिट लागलं. त्या दीड मिनिटात डिंपलने भिंतीवरच्या कॅलेंडरचा मार्च महिना पहिल्यापासून एकतीसपर्यंत वाचला. या वेळी तिने एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकला.

पान उघडलं. सगळीकडे पांढरं. मग हळूहळू, कुठूनतरी वर तरंगत यावी तशी, फिकट अक्षरांत नावांची यादी दिसायला लागली. धाबेपवनी. भिवखिडकी.

"आहेत," ती म्हणाली. "भाऊ, आहेत." आणि तिला रडू आलं. तिने फोन टेबलावर ठेवला, ओढणीने तोंड पुसलं आणि पुन्हा उचलला.

"रडू नको. सगळे निवड आणि परत आण. वेळ लागन, तुमच्याकडचं नेट काही धावत नाही." तो हसायचा प्रयत्न करत होता. "आणि आयक. हे कुणाले सांगू नको. भाईजीले तं अजिबात नाही. गेलेही नाही, आलेही नाही, संपलं."

"पण नोंदीत राहीन ना. काढले म्हणून. अन् तुमच्या नावावर राहीन."

"कोण वाचते नोंदी? तुझ्या भल्यासाठी सांगून राहिलो, डिंपल. गप राह्य."

तिला त्याच्याविषयी एवढी माया वाटली की आभारही नीट मानता आले नाहीत. स्वतःच्या नावावर डाग घ्यायला कोण तयार होतं? सख्खा भाऊ होईल का?

रिपोर्ट परत येत गेले. शंभर. तीनशे. एक वाजून दहा मिनिटांनी दोन हजार. डिंपल आकड्यावर नजर लावून बसली. नजर काढली तर थांबेल अशी तिला भीती वाटत होती. दोनदा लाइट मिचमिचली आणि दोन्ही वेळा तिने लॅपटॉपची वायर भिंतीत दाबून धरली, जणू तिच्या दाबण्याने महावितरणवर काही परिणाम होणार होता. दोन वाजले तेव्हा नवेगाव बांधचं फोल्डर भरायला लागलं. अन्नपूर्णाची फाइल दोन बावीसला आली. डिंपलने नाव जुळवलं, बापाचं नाव जुळवलं, गाव जुळवलं आणि पाठवून दिली. आत काय लिहिलंय ते तिने वाचलं नाही. तिकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. अडीचला आकडा अकरा हजार तीनशे बेचाळीसवर येऊन थांबला. तिने तो तीनदा वाचला, मग डब्यातला गार वडा खाल्ला. तो तिला फार चांगला लागला.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. त्या भाईजींच्या होत्या. भाईजी एरवी हा जिना वर्षातून दोनदा चढायचे, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. दाराला कडी होती. त्यांनी ती खडखडवली.

"डिंपल! दरवाजा काऊन बंद आहे, बेटा?"

तिने दार उघडलं. भाईजींचा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. हातात फोन धरलेला, हात लांब केलेला, आणि आज चष्मा मात्र नाकावर होता.

"ये क्या है? जेवण करून जरा पडलो होतो, उठून पाहतो तर हे. अकरा हजार डिलीट!"

कंपनीकडून आपोआप जाणारी सूचना. पत्रव्यवहाराचा पत्ता भाईजींचा, हे डिंपल विसरली होती. अश्विनही विसरला होता.

"परत आले, भाईजी. सगळे आहेत." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "हे पाहा. अकरा हजार तीनशे बेचाळीस."

"पक्का?"

"पक्के. एकही कमी नाही."

ते खुर्चीत बसले. तिने पाणी दिलं. त्यांनी अर्धा पेला प्यायला, उरलेलं पाणी रुमालावर घेऊन मानेवर फिरवलं आणि पेला खाली ठेवला. डिंपलला वाटलं, झालं, आता उठतील आणि जातील.

"मुझे यकीन नहीं होता," ते म्हणाले. "अश्विनने असं काऊन केलं असन?"

"अश्विनभाऊनं?"

"नाव लिहिलं आहे त्याचं. पाह्य ना." त्यांनी फोन पुढे केला. "इतका चांगला पोरगा. नागपूरले गेला तरी इथलं काम सोडलं नाही त्यानं. रोज करून राहिला, फुकटात. कितने लोगों को बताया मैंने. जानेवारीच्या कार्यक्रमात शाल दिली ती कायले दिली मग?"

जानेवारीच्या कार्यक्रमात डिंपल होती. भाईजींचं भाषण चालू होतं तेव्हा ती खाली हार्डवेअरवाल्याकडे प्रोजेक्टरसाठी लांब वायर मागायला गेली होती. वर आली तेव्हा अश्विन शाल आणि नारळ घेऊन उभा होता, आणि तिने जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. जुन्या कामाची शाल, असं तिला वाटलं होतं.

"रोजचं काम?" तिने विचारलं. "तुम्हाला कोणी सांगितलं, भाईजी?"

"सांगाले कायले पाहिजे? महिन्याच्या महिन्याले येते ना."

त्यांनी बोटाने फोनवर मागे मागे नेऊन दाखवलं. दर महिन्याच्या एक तारखेला कंपनीचा एक हिशोबी कागद. फेब्रुवारीत चढवलेले रिपोर्ट चारशे बारा, दुरुस्त्या एकोणसाठ, करणार अश्विन. जानेवारी, करणार अश्विन. डिसेंबर, अश्विन. प्रत्येक कागद भाईजींनी त्याला पुढे पाठवला होता, शाबासकीचे दोन शब्द लिहून. आणि प्रत्येकाखाली अश्विनचं उत्तर होतं. ते एकाच ओळीचं होतं, आठही महिने तेच. सेवा आहे, भाईजी.

डिंपलने ते आठही वाचले.

फेब्रुवारीतले चारशे बारा तिला माहीत होते. त्यातले शंभर तिने अंगात ताप असताना चढवले होते. एकोणसाठ दुरुस्त्या तर तोंडपाठ होत्या. भिवखिडकीत एकाच नावाच्या दोन बाया निघाल्या, एकीचा रिपोर्ट दुसरीच्या नावे चढला. फोनवर उलगडा होईना तेव्हा ती स्वतः पासष्ट किलोमीटर स्कूटी हाणत गेली होती आणि दोघींना ओट्यावर शेजारी शेजारी बसवून आली होती. करणार, अश्विन.

तिला राग आला. मघाशी ज्या माणसाविषयी तिला एवढी माया वाटली होती त्याच माणसाचा. गप राह्य म्हणाला होता तो, तुझ्या भल्यासाठी म्हणून. आणि त्या रागाच्या पाठोपाठ एक गार विचार आला, इतका सोपा की तिला स्वतःचीच भीती वाटली. काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, त्यानेच सांगितलं होतं तसं. आठ महिन्यांची शाबासकी त्याच्या नावावर, मग आजचंही त्याच्याच नावावर. त्यात खोटं काय होतं? यंत्रानेच तसं लिहून ठेवलं होतं.

भाईजींनी कपाटातून संस्थेचं छापील पत्र काढलं आणि खिशातलं पेन उघडलं.

"फोन उचलून नाही राहिला तो. चार वेळा लावला. मी त्याच्या संस्थेले लिहितो. लोकांच्या आजाराचे कागद हायेत हे, मजाक नाही. त्याच्या साहेबाले समजलं पाहिजे, कसा माणूस ठेवला आहे." त्यांनी वर तारीख टाकली. मग मोठ्याने म्हणत लिहायला लागले, "आपले कर्मचारी श्री. अश्विन यांनी आज दिनांक… वेळ किती होती, बेटा?"

"अकरा पंचावन्न," डिंपल म्हणाली.

आणि तिच्या लक्षात आलं, की अश्विनच्या नावापुढची वेळ आपणच सांगून टाकली. इतक्या सहज. भाईजींनी लिहिलं, अकरा पंचावन्न.

"आता नेमकं काय केलं ते एका वाक्यात सांग. मले ती भाषा येत नाही. तू सांग, मी लिहितो."

खाली दुकानात कुणीतरी पत्रा कापून घेत होतं. तो आवाज थांबेपर्यंत डिंपल थांबली. भाईजी पेन टेकवून वाट पाहत होते. पेनाखाली शाईचा बारीक ठिपका पसरायला लागला तेव्हा त्यांनी ते उचललं.

"भाईजी, नाव चुकलं."

"कोणतं नाव?"

"वरचं. रिपोर्ट मी काढले. माझ्या हातून गेले."

भाईजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि हसले. वाईट नाही हसले, घरच्या लेकराला हसावं तसे.

"तू? तुझं तर खातंच नाही, बेटा. तू उसको बचा रही है. गुरू आहे ना तुझा."

डिंपलला आता खरी धास्ती वाटली. चूक कबूल करायला लागणारी होती नव्हती तेवढी हिंमत तिने एका वाक्यात खर्च केली होती, आणि ते वाक्य वाया गेलं होतं. हवं असतं तर ती अजूनही माघार घेऊ शकत होती. मान खाली घालायची, बस्स. भाईजींनी स्वतःच वाट काढून दिली होती.

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. काळी खिडकी उघडली. कुणाचं नाव सांगितलं नाही. एक रिकामी फाइल करून ती कंपनीच्या यंत्रावर पाठवली, आणि नोंदीचं पान उघडून लॅपटॉप पुन्हा भाईजींपुढे ठेवला.

"सगळ्यात वरची ओळ वाचा."

भाईजींनी ओळीवर बोट ठेवलं. "आजची तारीख. दोन बावन्न. नवीन फाइल एक. करणार…" ते थांबले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन बावन्न झाले होते.

"हे आत्ता कोणी केलं?" डिंपलने विचारलं.

"तूने."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. मग ते पान बोटाने वर सरकवत गेले, हळूहळू, एकेक ओळ वाचत. आजच्या परत आलेल्या रिपोर्टांखाली कालचं काम होतं. कालच्याखाली परवाचं. प्रत्येक ओळीला वेळ होती, सकाळचे अकरा, दुपारचे एक, चार, साडेपाच, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच नाव. नागपूरचं ऑफिस किती वाजता भरतं हे भाईजींना कुणी सांगायला नको होतं.

"म्हणजे फेब्रुवारीचे चारसौ बारा," ते म्हणाले, आणि त्यांनी वर तिच्याकडे पाहिलं.

डिंपलच्या तोंडात आठ महिने गोळा झाले होते. सगळं एका दमात सांगून टाकावंसं वाटत होतं, ताप, स्कूटी, ओट्यावरच्या दोन बाया. टेबलावर तिचा फोन थरथरला. अश्विनचा होता. तिने तो उलटा ठेवला.

"ते नंतर पाहा, भाईजी," ती म्हणाली. "आधी आजचं लिहा."

"हे लिहिलं तर कमिटीपुढे जाईन, बेटा. माझ्या हातात राहणार नाही."

"माहीत आहे."

भाईजींनी पत्र पुढे ओढलं. श्री. अश्विन या शब्दांवर एक सरळ रेघ मारली. मग रेघेच्या वर पेन नेलं आणि तिथेच अडले. डिंपल एवढंच नाव त्यांना माहीत होतं. तीन वर्षांत त्याहून जास्त त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि तिलाही त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

"पूरा नाव सांग," ते म्हणाले.

"डिंपल खुशाल शहारे," ती म्हणाली, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत उभी राहिली.